रुमाल टाकून धरलेलं मशीन

कॅनडात मार्कहॅमहून विंडसरला हौसेनं कोणी जात नाही. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "सीरियसली? आईला नायगारा सोडून विंडसर दाखवणार?" पण नागपूरहून माझ्याकडे आलेल्या आईला धबधबा नव्हता बघायचा, धाकटी बहीण बघायची होती. सुमीमावशी नदीपलीकडे डेट्रॉइटला राहते. ग्रीनकार्डाचे कागद अडकलेत, म्हणून तिला अमेरिकेबाहेर पडता येत नाही, आणि आईकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. नऊ वर्षांत दोघींची भेट नाही. शेवटी फोनवर ठरलं की शनिवारी चार वाजता दोघींनी नदीच्या आपापल्या काठावर उभं राहायचं. मावशी पिवळी साडी नेसणार होती. साडेचारला काका तिला ड्युटीवर सोडायला नेणार, म्हणजे हातात अर्धाच तास.

४०१ हायवेनं चार तास लागतात. केंब्रिज मागे पडेपर्यंत ट्रकांची गर्दी, पुढे चॅटमच्या आसपास सपाट शेतं आणि पवनचक्क्या. टोल नाही, एक टाकी पेट्रोल पुरतं. खाण्याचा खर्च सर्व्हिस सेंटरवरच्या दोन कॉफ्यांपुरता, कारण आईनं तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणला होता. "पुरीसोबत कॉफी. काय दिवस आले बाप्पा," म्हणत तिनं माझीही कॉफी संपवली.

पोचलो तेव्हा चार वाजायला बराच अवकाश होता. काठावर ऑक्टोबरचा वारा झोंबत होता, म्हणून समोरच्या कॅसिनोत शिरलो. प्रवेश फुकट. दारात माझं ओळखपत्र तपासलं गेलं, म्हणजे मी अजून कोवळी दिसते, असा अर्थ मी काढला. आत जाण्यापूर्वी नियम केला: प्रत्येकी वीस डॉलर, सिनेमाचं तिकीट समजून, संपले की उठायचं. कार्डं गाडीतच ठेवली. वेळेचा नियम मात्र राहिला. तुम्ही गेलात तर फोनवर गजर लावूनच जा, कारण आत खिडकी नाही आणि भिंतीवर घड्याळही दिसत नाही.

जुगाराच्या मशीनवर माझे वीस बघता बघता उडाले. आई सगळ्यात छोटा डाव लावत होती, तोही दर वेळी मशीनला नमस्कार करून. एकदा वीस सेंट लावल्यावर आठ परत आले आणि मशीननं लग्नाच्या वरातीसारखा बँड वाजवला.

"जिंकली नं मी?"

"बारा सेंट हरलीस."

मग तिला वॉशरूमला जायचं होतं. उरलेल्या पैशांची पावती मी काढून घेतली, आणि आईनं, एसटीत सीट धरावी तसा, खुर्चीवर रुमाल टाकला. परत येतो तर टोपीवाले एक आजोबा तिथे बसलेले. रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला. आमच्या डोळ्यांदेखत मशीन वाजू लागलं, आकडे चढू लागले.

"माझं होतं ते," आई म्हणाली. "इतकं खाल्लं होतं त्यानं माझं. आता देणारच होतं."

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "आई, आतला प्रोग्राम सतत आकडे काढत असतो. बटण दाबशील त्या क्षणी जो आकडा निघेल, तोच निकाल. फिरणारी चाकं नुसती शोभेला. आधी किती खाल्लं ते त्याला आठवत नाही, आणि शेवटी फायदा कॅसिनोलाच होईल असंच ते बांधलेलं असतं."

"तुला मोठं माहीत," म्हणत ती आजोबांच्या पाठीशी उभी राहिली. ते उठले, पावती मशीनमध्ये सरकवून ही बसली. मी बाजूला उभी राहून चाकं बघत होते. शहाणपण शिकवून झालं, तरी बघत होते.

केव्हातरी फोन काढला. मावशीचे मिस्ड कॉल ओळीनं. सव्वाचार होऊन गेले होते.

"आई, ऊठ. मावशी कधीची उभी आहे."

"दोनच डाव," ती बटणावरचा हात न काढता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वाऱ्यात उभी असेल नं ती?" रुमाल उचलून ती निघालीसुद्धा. पैसे मशीनमध्येच राहिले.

काठावर पोचलो आणि नेमकं लांबलचक मालवाहू जहाज समोर आलं. ते काही सरेना. आई चवड्यांवर उभी राहून त्याला जायला सांगत होती. जहाज सरलं आणि पलीकडे पिवळा ठिपका दिसला. आईनं रुमाल हलवला, ठिपक्यानं पदर हलवला. मला रडू आलं.

"सुमे, किती वाळलीस गं," आई फोनवर म्हणाली. इतक्या लांबून ठिपक्याचं वजन तिला कसं कळलं, देव जाणे. एवढ्यात काकांची गाडी आली आणि ठिपका गेला.

रात्री मोटेल घेतलं, एकशे दहा डॉलर, बऱ्यापैकी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर या ब्लॉगसाठी खर्च मांडत बसले होते. आई धुतलेल्या रुमालाची घडी करत होती.

"चाळीस डॉलर कॅसिनोत," मी म्हणाले.

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "सुमीची वीस मिनिटं खाल्ली त्या मशीननं. ती मिनिटं तर ते कोणालाच परत देणार नाही."