वहिनीचा मॉल

जव्हारला आमचं किराणा दुकान आहे. दादा-वहिनी ते चालवतात. मी मोखाड्याला सरकारी कचेरीत नोकरीला, एसटीने जाऊन-येऊन करतो. गेल्या काही वर्षांत आमची रोखीची गिऱ्हाइकं, म्हणजे शिक्षक, नर्स, कचेरीतले लोक, महिन्याचं सामान नाशिकच्या मॉलमधून भरू लागली. माझे सोबतीच शनिवारी गाडी काढायचे आणि सोमवारी तेल किती स्वस्त पडलं ते सांगायचे. ते ऐकून मला दादा आठवायला हवा होता. मी त्या मॉलच्या कंपनीचे शेअर घेतले.

शेअर चढले. आमच्याच काउंटरला टेकून मी मोबाइलवर भाव बघायचो. इथे शुकशुकाट, म्हणजे तिकडे गर्दी, असा हिशेब मनात यायचा. मग दादाकडे बघवत नसे.

एकदा वहिनीने विचारलं, "भावजी, रोज कसला स्कोअर बघता?"

मी खरं ते सांगितलं. साखर जोखता जोखता दादाचा हात थांबला.

"आपलं गिऱ्हाईक तिकडे गेलं, त्याचा नफा तुला?" तो रागावला नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

माझ्याआधी वहिनीच म्हणाली, "मग मलाही घेऊन द्या. गिऱ्हाईक काही थांबत नाही, तर त्याच्या मागोमाग थोडं आपणही जाऊ."

"भाव वर-खाली होतो हं," एवढंच मी म्हटलं. तीही घेते आहे म्हटल्यावर माझ्या मनावरचं ओझं हलकं झालं होतं, म्हणून जास्त बोललो नाही. तिच्या भिशीच्या पैशांतून शेअर घेतले.

दिवाळीआधी तिला नाशिकला नेलं. मॉलमध्ये तिने डाळ दोन बोटांत चोळून बघितली. "आपली बरी आहे," म्हणाली. खाली पडलेले बिस्किटांचे पुडे उचलून नीट लावले. तांदळाच्या गोणींवर एसीचं पाणी ठिबकत होतं, ते तिथल्या पोराला दाखवलं. मला हसू आलं तशी म्हणाली, "हसता काय? आपलंच आहे ना!"

पुढे बाजार फिरला. शहरातले लोक फोनवरून सामान मागवू लागले, मिनिटांत दारात यायला लागलं. अशा सगळ्या दुकानांचे शेअर घसरू लागले. एका दुपारी कचेरीत बसल्या बसल्या मी माझे सगळे विकले.

संध्याकाळी दुकानात जाऊन म्हटलं, "वहिनी, मी माझे विकले. आता तुमचेही विकू."

"कधी विकले?"

"दुपारी."

"मग मला फोन का नाही केला?"

रेंज नव्हती म्हटलं असतं तर आमच्या घाटात कुणालाही पटलं असतं. पण मी म्हटलं, "घाबरलो. आधी स्वतःचे काढले."

ती पुड्याला दोरा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आपला धंदा इतक्यांदा बसला, आम्ही शटर ओढलं का? मी नाही विकत." आणि जरा थांबून, "म्हणजे आता तिथे मी एकटीच."

"एकटी कशी? मी इथे बसतो, तू तिथे बस," दादा म्हणाला. दोघं हसली. मला काही हसता येईना.

भाव मधे थोडा सावरला, पुन्हा उतरला. तिने ज्या भावाला घेतले होते, तिथवर अजून आलेला नाही. आता ती मला भाव विचारत नाही, गिऱ्हाईक नसलं की चष्मा लावून स्वतः बघते. परवा तिने विचारलं, "तिमाही निकाल म्हणजे काय हो?" मी कागद घेऊन सगळं समजावलं. माझे शेअर होते तेव्हा हे निकाल मी एकदाही वाचले नव्हते. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "जेवूनच जा, नाचणीची भाकरी केलीय." मी जेवलो.