अर्लिस ट्वेटेनचा पिन बॉक्स

एप्रिल लागला की क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटातली वस्ती विरत जाते. थंडीत जिथे एकमेकांना खेटून ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायची चाकांवरची घरं, उभे असतात, तिथे नुसत्या चाकोऱ्या उरतात आणि शेकोट्यांचे काळे पडलेले दगड. त्या वर्षी सगळे उत्तरेला निघून गेले तरी दोन ट्रेलर जागचे हलले नव्हते. एक अर्लिस ट्वेटेनचा. दुसरा ड्वेन आणि मॅविस हॅकबार्थ यांचा. हॅकबार्थ नवराबायको अर्लिससाठी थांबले होते. अर्लिस कशासाठी थांबली होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तिचा नवरा ऑरिन नाताळ झाल्यावर गेला. पोटात दुखतंय म्हणून फिनिक्सच्या इस्पितळात नेला, तो परत आलाच नाही. ऑरिनने जन्मभर रेल्वेत वेल्डिंग केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी उत्तरेकडच्या मायनॉट गावातलं घर विकलं आणि हा ट्रेलर घेतला. "चार-दोन वर्षं हिंडू, हौस फिटली की पुन्हा घर घेऊ," असं तो म्हणाला होता. पण त्याची हौस काही फिटली नाही. दर वर्षी पानं गळायला लागली की अर्लिस घराचा विषय काढायची, आणि दर वर्षी ऑरिन म्हणायचा, "या हिवाळ्यानंतर बघू."

आता घर घ्यायला ती मोकळी होती. मायनॉटहून तिची बहीण आयोनी दर रविवारी फोन करून सांगायची, "ते खटारं विकून टाक आणि इकडे ये. वरची खोली रिकामी पडलीये." अर्लिस म्हणायची, "तिकडे अजून बर्फ आहे ना गं." बर्फ वितळला तेव्हा म्हणाली, "रस्ते चिखलाचे असतील."

शेवटी मॅविसच स्पष्ट बोलली. तिला डोळ्यांचा आजार होता. समोर बघितलं की बरोबर मधोमध डाग दिसायचा, म्हणून ती नेहमी मान वळवून, तिरकं बघून बोलायची. "हे बघ अर्लिस, मला डॉक्टरकडे जायचंय. आम्ही फार तर आणखी आठवडाभर थांबू. तू आमच्या मागोमाग निघ. ड्वेन पुढे राहील, तू मागे. तुला इथे एकटी सोडून मी जायची नाही."

"बरं," अर्लिस म्हणाली. एवढ्या दिवसांत तिने कुणाला दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं.

निघायचं ठरलं म्हणून ड्वेन तिचा ट्रेलर तपासायला आला. चाकं पाहिली, दिवे पाहिले, आणि मग पुढच्या टोकाखाली वाकला. तिथे ट्रेलरच्या नाकाला मोठमोठ्या बोल्टांनी कसलेली लोखंडी पेटी असते, तिला पिन बॉक्स म्हणतात. तिच्या तळातून मुठीएवढी जाड पिन खाली येते आणि ट्रकच्या हौद्यातल्या जबड्यात जाऊन बसते. अख्खं घर त्या एका पिनेवर ओढलं जातं. ड्वेनने रुमालाने धूळ पुसली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"काय झालं?" अर्लिसने विचारलं.

"इकडे ये. बोट लाव इथे. लागतंय नखाला?"

लागत होतं. पेटीच्या बगलेत, क्रीम रंगाखालून, केसाएवढी भेग वर चढली होती. तिच्या कडेने गंजाचा ओघळ उतरला होता.

"हे घेऊन हायवेला लागलीस ना, तर एखाद्या उतारावर तू पुढे जाशील आणि घर मागे राहील," ड्वेन म्हणाला. "नाहीतर घर पुढे जाईल."

"अरे, घाबरवू नकोस तिला," पलीकडून मॅविस ओरडली.

"घाबरवत नाहीये. पिन बॉक्स बदलायचाय, एवढंच सांगतोय."

नवा पिन बॉक्स मागवला. तो गावातल्या पार्सलच्या दुकानात येऊन पडेपर्यंत मॅविसने दिलेला आठवडा उलटून गेला. तिने डॉक्टरची तारीख पुढे ढकलली आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुपारी ऊन भाजून काढायचं. तिघं हॅकबार्थांच्या छपराखाली पत्ते खेळत बसायची. मॅविसला पत्ते दिसत नसत, तरी ती जिंकायची. "ड्वेनचं तोंड तेवढं स्पष्ट दिसतं मला," ती म्हणायची.

पेटी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यातच काम काढलं. ड्वेनची रीत सोपी होती. ट्रेलर स्वतःच्या पुढच्या पायांवर उभा करायचा, खाली लाकडी ठोकळे रचायचे, आणि ट्रक मागे घेऊन जुनी पिन जबड्यात अडकवायची. मग बोल्ट काढायचे आणि ट्रक पुढे न्यायचा. पेटी जबड्यातच राहते, उचलायला लागत नाही. नवी पेटी जबड्यात बसवून ट्रक पुन्हा तसाच मागे आणायचा.

"ट्रक तू चालव," ड्वेन म्हणाला. "मी खालून सांगतो."

अर्लिस स्टिअरिंगवर बसली आणि तिच्या लक्षात आलं की या कामात ती या जागी कधी बसलीच नव्हती. ट्रक मागे घ्यायचा तो ऑरिनने. ती मागे धुळीत उभी राहून खुणा करायची. इतक्या वर्षांत त्या खुणा दोघांच्याच झाल्या होत्या. डोक्यावर टपली म्हणजे अगदी थोडं. कानाला हात म्हणजे डावीकडे घे. छातीवर हात ठेवला की थांब. आजूबाजूची जोडपी ट्रेलर जोडताना हमरीतुमरीवर यायची. हे दोघं मात्र एक शब्द न बोलता जोडायचे.

आरशात ड्वेन दोन्ही हात एकदम हलवत होता. "ये, ये, ये... अगं, इकडे नाही, माझ्या इकडे! थांब! थांब म्हटलं ना!"

"तुझं इकडे म्हणजे कुठलं इकडे?"

"पंचेचाळीस वर्षं मी हेच विचारतेय त्याला," मॅविस खुर्चीतून म्हणाली.

अर्लिस हसली. पण पुन्हा आरशात बघितलं तेव्हा तिथे कुणी छातीवर हात ठेवणार नव्हतं. तिने खालच्या ओठावर दात रोवले आणि गाडी मागे घेतली. जबडा खटकन मिटला.

बोल्ट गंजले होते. ड्वेनने पान्याला लांब नळी लावून जोर काढला, तेव्हा एकेक बोल्ट किंचाळत सुटला. शेवटचा निघाला तशी अर्लिसने ट्रक वीतभर, मग हातभर पुढे नेला. जुना पिन बॉक्स हौद्यात उभाच राहिला, आणि आजवर ट्रेलरच्या कपारीत दडलेली त्याची मागची बाजू उन्हात आली.

ती खाली उतरून बघायला आली. मागच्या बाजूचे रंगाचे पोपडे सुटले होते आणि त्यांच्याखाली वेल्डिंगची एक लांब पट्टी दिसत होती.

"हे कारखान्यातलं नाही," ड्वेन म्हणाला. "नंतर केलंय कुणीतरी."

कुणी केलंय ते अर्लिसला विचारायला नको होतं. माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक टेकलेले, एकाच मापाचे पदर, आणि शेवटाला उजवीकडे किंचित वळवलेली शेपटी. हे काम तिने अंगणातल्या फाटकावर पाहिलं होतं, सासूबाईंच्या चुलीवर पाहिलं होतं. अक्षर ओळखावं तसं तिने ते ओळखलं. आणि त्यासरशी तिला रंग आठवला.

तीन उन्हाळ्यांपूर्वी नेब्रास्कात असताना ऑरिनने अचानक तिला आयोनीकडे जाऊन यायचा आग्रह केला होता. "बसने जा, आठवडाभर राहा, मजा कर." ती परतली तेव्हा ट्रेलरचं अख्खं नाक नव्या क्रीम रंगाने चमकत होतं. आपण परत येणार म्हणून यानं घर रंगवलं, या विचाराने तिला किती बरं वाटलं होतं. सगळ्या कॅम्पभर ती ते सांगत फिरली होती.

"चांगलं काम आहे," ड्वेन हळूच म्हणाला. "सांधा कुठेच उकललेला नाही. शेजारचं लोखंड फाटलंय."

"त्याला माहीत होतं," अर्लिस म्हणाली.

"अगं, त्याला वाटलं असेल..."

"काय वाटलं ते मला ठाऊक आहे. मला कळलं असतं तर मी म्हटलं असतं, बास झालं, आता घर. म्हणून नाही सांगितलं."

ड्वेन पाना पुसत राहिला. मॅविस काठी टेकत आली आणि तिने अर्लिसचं मनगट धरलं. "रागव," ती म्हणाली. "खुशाल रागव. मेला म्हणून काय झालं."

पण अर्लिसला राग आला होता तो निराळाच. "त्यानंतर घाटात तो बोलायचा नाही, मॅविस. ओरेगॉनला गेलो, आयडाहोतून आलो. चढ लागला की तोंड मिटायचा. मी काही विचारलं तर नुसता हूं. मला वाटायचं, मी घराचा विषय काढते म्हणून रुसलाय. मग मीही बोलायची नाही. खिडकीकडे तोंड करून विणत बसायची." तिने त्या पट्टीवरून बोट फिरवलं. "तो रुसला नव्हता गं. कान देऊन मागचं लोखंड ऐकत बसलेला असायचा. आणि मी शेजारी असून एकटाच घाबरत होता."

ऊन वर येत होतं. अर्लिसनेच म्हटलं, "चल ड्वेन, पुढचं सांग."

नवी पेटी काळी आणि जड होती. दोघांनी मिळून ती हौद्यात चढवली. भोकांना भोकं जुळेपर्यंत ट्रक कितीदा मागेपुढे झाला. नवे बोल्ट घालून ड्वेनने मापाच्या पान्याने ते कसले, आणि मग पाना तिच्या हातात दिला. "तू बघ एकदा. पहिल्या शंभर मैलांनंतर पुन्हा बघावे लागतात." तिने प्रत्येक बोल्टवर जोर दिला. बोल्ट पुरता कसलेला असला की तो पाना टक् वाजतो, तसा वाजला. जुना पिन बॉक्स ड्वेनने भंगारवाल्याकडे नेऊन टाकला. बरोबर येतेस का, असं त्याने विचारलं, तर ती नको म्हणाली.

त्याच संध्याकाळी मॅविसच्या डोळ्यात आतून रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, असाल तसे या. बरोबर निघायचं राहून गेलं. पहाटे हॅकबार्थांचा ट्रेलर धूळ उडवत गेला. मॅविसने खिडकीतून हात हलवला, तोही भलत्याच दिशेला. अर्लिस तिथे नाही हे तिला दिसलं नसावं.

दुसऱ्या दिवशी अर्लिसने ट्रेलर एकटीने जोडला. ट्रक थोडा मागे घ्यायचा, उतरायचं, बघायचं, चढायचं, पुन्हा थोडा मागे. पिन कधी डाव्या बाजूला राहायची, कधी उंच पडायची. किती वेळा उतरली ते तिने मोजलं नाही. जबडा मिटल्याचा आवाज आला तेव्हा तिचा सदरा पाठीला चिकटला होता. ऑरिन करायचा तसा तिने एक हिसका देऊन पाहिला. घर मागोमाग हललं.

किंगमनच्या पुढे तिने थांबून बोल्ट तपासले. पेट्रोल पंपावर शेजारचा माणूस म्हणाला, "वा! नवऱ्याला कामाला लावत नाही वाटतं?" ती म्हणाली, "तो झोपलाय." असं का म्हणाली कुणास ठाऊक. युटाहच्या घाटात तिने रेडिओ बंद केला आणि तोंड मिटून घेतलं. प्रत्येक खड्ड्याला मागून येणारा आवाज ऐकत राहिली. काही झालं नाही. नवं लोखंड मुकाट ओढत होतं.

मायनॉटला आयोनीने वरची खोली सजवून ठेवली होती. अर्लिस तिथे झोपायला गेली. छत फार उंच वाटलं, भिंती फार लांब. आठ-दहा दिवसांनी ती उशी घेऊन अंगणातल्या ट्रेलरमध्ये गेली.

"इतकी वर्षं घर घर करत होतीस ना?" आयोनीने विचारलं.

"त्याच्यापाशी मागत होते," अर्लिस म्हणाली. "आता कुणापाशी मागू?"

उन्हाळा गेला. बटाट्याच्या पोळ्या लाटल्या, चर्चच्या जेवणावळी झाल्या, आयोनीच्या नातवंडांनी ट्रेलरमध्ये लपाछपी खेळून घेतली. पानं पिवळी पडली तशी अर्लिस एका दुपारी चाकांपुढचे अडसर काढू लागली. आयोनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "कुणाबरोबर जाणारेस?"

"एकटीच."

क्वार्ट्झसाइटला ती पोचली तेव्हा हॅकबार्थांची जागा रिकामी होती. मॅविसची नजर गेल्यामुळे त्यांनी ट्रेलर विकून टाकला, असं ड्वेनने फोनवर सांगितलं. त्या जागी नोव्हेंबरात आयोवाचं एक नवखं जोडपं आलं. पहिल्याच दिवशी ट्रेलर लावताना दोघं अशी भांडली की बायको पाय आपटत रस्त्याकडे चालू लागली. अर्लिस खुर्चीतून उठली, त्यांच्या ट्रकच्या मागे जाऊन धुळीत उभी राहिली, आणि आरशात दिसेल असा हात वर केला.