परत बोलावता येणारे विमान

आदरणीय प्रल्हादराव गजभिये यांची माझी पहिली ओळख मुलाखतीत झाली. त्यांनी बंद पडलेला रडारचा संच समोर ठेवला. मी बराच वेळ सूत्रे सांगत राहिलो. शेवटी साहेबांनी हसून दाखवले, की संचाला वीजच जोडलेली नव्हती. तरीही नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत मला घेतले ते त्यांनीच.

वायुदलात रडारवर उमेदवारी केलेले साहेब तेव्हा एक वैमानिकरहित विमान घडवत होते. ते आकाशात घिरट्या घालत थांबायचे, शत्रूचे रडार सुरू झाले की त्याचे तरंग हेरायचे आणि त्यावर कोसळायचे. एकदा सोडल्यावर त्याला कोणाचाही हुकूम लागत नसे. वरिष्ठांना याचेच कौतुक होते.

मौद्यापलीकडच्या पडीत रानात चाचणी ठरली. विमानात स्फोटके नव्हती, पण वजन आणि वेग होताच. दूर रानात लक्ष्य म्हणून रडारसारखे तरंग सोडणारा एक प्रक्षेपक ठेवला होता. सकाळी तपासणीसाठी आमच्या गाडीतलाही प्रक्षेपक लावला होता. तो बंद करायचे मी विसरलो.

विमान घिरट्या घालत असतानाच रानातले जनरेटर बंद पडले आणि लक्ष्याचे तरंग थांबले. विमान डगमगले, वळले आणि थेट आमच्या दिशेने निघाले. आमच्या मागच्याच शेतात बाया कापूस वेचत होत्या. मी बटणाकडे झेपावलो.

"बंद नोको करू!" साहेब ओरडले. "बंद केलं तं ते सरळ बायांवर जाईन. तू उतर गा!"

त्यांनी मला ढकलून उतरवले, स्टिअरिंग धरले आणि प्रक्षेपक चालू ठेवूनच गाडी पडीत रानात घातली. विमान त्यांच्यामागे वळले. शेवटच्या क्षणी साहेबांनी उडी टाकली आणि विमान आदळून गाडीचे टप फाटले. धुरळ्यातून ते उठले तेव्हा डावा हात लोंबत होता. पहिला प्रश्न होता, "बाया ठीक हायेत ना?"

मी तेव्हा नोकरीत कायम झालो नव्हतो. साहेबांनी अहवालात लिहिले, 'प्रक्षेपक चालू राहिला ही माझी चूक.' पुढच्या चाचणीची वरून घाई होती. "ज्याले परत बोलावता येत नाही, ते मी सोडत नाही," एवढेच ते म्हणाले. त्यांची बढती अडली, पण ते हटले नाहीत. अखेर परत बोलावण्याची सोय झाली. चाचणीत विमान लक्ष्यावर झेपावता झेपावता आमच्या हुकमाने वळले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तो अहवाल आजही तसाच आहे. म्हणून साहेबांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात, सर्वांसमक्ष लिहून ठेवतो : प्रक्षेपक चालू राहिला ही माझी चूक होती. हे वाचून ते माझ्यावर रागावतील. असे रागवायला त्यांना उदंड वर्षे आणि निरोगी शरीर लाभो, हीच मंगल कामना.