शेवटची चौदा पानं

रहस्यकथेची शेवटची पानं सगळ्यात आधी जातात, हे पद्मजा तोडणकरांना परळच्या वाचनालयात नोकरीला लागल्यावर महिनाभरातच कळलं. चरित्रं आणि प्रवासवर्णनं कपाटात सुखाने म्हातारी व्हायची. खुनाचं पुस्तक मात्र वीस घरं हिंडायचं. कुणी ते उशाखाली घ्यायचं, कुणी दम निघत नाही म्हणून शेवट आधी उघडायचं, आणि एक दिवस मागचा पुठ्ठा पानांसकट बेपत्ता. मग वाचक काउंटरवर हजर. "ओ ताई, खुनी कोण ते सांगा, नायतर आज मला जेवण जायचं नाय!"

ताईंनी आधी तोंडी सांगून भागवलं. पण काही पुस्तकांची दुसरी प्रत उभ्या मुंबईत मिळेना. तेव्हा त्यांनी ते पुस्तक तीनदा वाचलं आणि शेवट स्वतः लिहून काढला. नियम एकच. मागच्या पानांत नवा माणूस आणायचा नाही, नवा पुरावा काढायचा नाही. लेखकाने जे पेरलंय तेच उगवलं पाहिजे. गिरगावात बाइंडिंग करणारा अप्पा त्यांचा शाळेतला वर्गबंधू. तो शेजारच्या छापखान्यातून तसल्याच टाइपात पानं छापून घ्यायचा आणि बेमालूम शिवून द्यायचा. तीस वर्षांत अशी बावीस पुस्तकं झाली, आणि कुणाला पत्ता लागला नाही. लबाडीच म्हणायची ही. पण असल्या लबाडीला किती डोकं आणि किती सचोटी लागते, ते एखाद्या मोठ्या लेखकाने करून बघावं!

गेल्या मार्चात आरोही परब नावाची मुलगी वाचनालयात आली. जयवंत परबांची नात. हे जयवंत परब पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून लालबागपासून भायखळ्यापर्यंत फिरायचे आणि गल्लीगल्लीचं पाणी सोडायचे. कुठल्या गल्लीत नळ कधी येतो, तेव्हा कोण जागं असतं, कोण कुणाशी भांडतं, सगळं त्यांना ठाऊक. एवढ्या भांडवलावर त्या माणसाने नऊ रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. आता एक प्रकाशक त्या पुन्हा छापायला तयार झाला होता. आठ मिळाल्या होत्या. नववी, 'रिकामं पिंप', फक्त ताईंच्या कपाटात होती.

"सोमवारी कंपोजिंगला द्यायचंय मॅडम," आरोही म्हणाली. "अर्धवट असेल तर नको म्हणालेत ते. नशीब, तुमची प्रत पूर्ण आहे. आजी अठ्ठ्याऐंशीची आहे हो, तिला एकदा हातात द्यायचंय."

ते पुस्तक ताई नोकरीला लागण्याआधीच शेपूट हरवून बसलं होतं. त्यातली शेवटची चौदा पानं त्यांची होती. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पुस्तक निघालं असतं, म्हातारी सुखावली असती. बोललं तर सगळंच बारगळणार. पण परबांच्या नावावर आपली वाक्यं खपवायची? दोन दिवस ताईंना अन्न गोड लागलं नाही. रविवारी सकाळी त्या उठल्या आणि पुस्तक घेऊन लालबागला परबांच्या पत्नी शांताआजींच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं.

आरोहीचा चेहरा पडला. आजी मात्र एवढंच म्हणाल्या, "वाच बघू ती पानां."

आरोहीने वाचायला घेतलं. चाळीचे सेक्रेटरी, सगळ्यांचे लाडके भाऊसाहेब, पोलिसांना सांगतात की खून झाला त्या पहाटे साडेचारला ते नळावर पाणी भरत होते. कुणाला शंकाही येत नाही. पण एकतिसाव्या पानावर परबांनी सहज लिहून ठेवलं होतं की त्याच पहाटे पावणेपाचला नायिकेच्या आईचं पिंप अजून रिकामं होतं. त्या गल्लीला पाणी पाचच्या आत यायचंच नाही! भाऊसाहेबांची थाप त्या पिंपाने पकडली. ताईंचा सगळा शेवट त्या पिंपावर उभा होता.

वाचून झालं. आजींनी पुस्तक मागून घेतलं आणि शेवटची पानं उलटसुलट करून पाहिली. चुकलंच आपलं, ताईंना वाटलं, यायलाच नको होतं.

"ह्यो शेवट तुका कसो गावलो गो?" आजींनी विचारलं. "छापलेल्या पुस्तकात ह्यो नव्हतोच."

आजींनी मग सांगितलं. छापलेल्या पुस्तकात एक गरीब भाडेकरू कबुलीची चिठ्ठी लिहून विष घेतो. पानं वाढली म्हणून तेव्हाच्या प्रकाशकाने परबांचं शेवटचं प्रकरण काढून टाकलं होतं आणि ही दीड पानाची चिठ्ठी स्वतःच खरडून चिकटवली होती. परबांनी ते पुस्तक पुन्हा कधी उघडलं नाही की घरात ठेवलं नाही.

"तेंनी लिवललो तो ह्योच," आजी म्हणाल्या. "सेक्रेटरी आणि पिंप. माका वाचून दाखवललो तेंनी. मगे ते कागद खंय गेले, कोणाक ठावक."

पद्मजाताईंना रडू आवरेना. "मी काय केलं आजी," त्या कशाबशा म्हणाल्या, "त्यांनीच सांगून ठेवलं होतं एकतिसाव्या पानावर." आजींनी त्यांचा हात धरला आणि नातीला बजावलं, "ह्या बायचा नाव घाल पुस्तकार. नायतर माका ता नको."

दिवाळीत पुस्तक आलं. आत, परबांच्या नावाखाली बारीक अक्षरांत: शेवटचं प्रकरण, पद्मजा तोडणकर. ताईंनी ते रजिस्टरात चढवलं, आणि कपाटात ठेवण्याऐवजी पिशवीत घालून गिरगावला नेलं.

"शेवटची पानं दुहेरी दोऱ्याने शिव," त्यांनी अप्पाला सांगितलं.

"कोऱ्या पुस्तकाला कशाला गं? आणि गेली तर गेली, तू लिहिशील की परत."

"शिव रे तू," ताई म्हणाल्या. "या वेळी गेली तर दोघांची जातील."