भोंग्यावरचं 'बंद'

ऑटोवर भोंगा बांधून दवंडी देणाऱ्या गुणवंतला दवाखान्याचं काम मिळालं होतं. गावातल्या सरकारी दवाखान्यातली ऑपरेशनं आणि बाळंतपणं यवतमाळला हलवली होती. तापाच्या गोळ्यांपासून साप चावल्यावरच्या इंजेक्शनपर्यंत बाकी सारं इथंच मिळत होतं. "काय चालू आहे ते लोकांना सांगा," असं डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं होतं. पण लाइट बंद, नळ बंद अशा दवंड्या देऊन त्याच्या जिभेला 'बंद'नंच सुरुवात करायची खोड लागलेली, आणि गावाला 'बंद' ऐकलं की पाठ फिरवायची. दवाखान्याच्या बाकांवर आता कुत्री झोपत.

आजही तो दवाखान्यासमोर "ऑपरेशन बंद, बाळंतपण बंद" ओरडत होता, तेवढ्यात फोन वाजला. पोरगी खुशी रडत होती.

"बाबा, कापूस वेचता वेचता आईले साप चावला. जीपमधी टाकून यवतमाळले नेऊन राह्यलो."

"यवतमाळले कायले? इंजेक्शन इथंच आहे ना!"

"तुमीच तं रोज सांगता, दवाखाना बंद आहे म्हणून!"

फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. यवतमाळचा रस्ता दवाखान्यासमोरूनच जायचा. एवढ्यात वळणावर धुरळा उठला. जीप सुसाट येत होती, वेग काही कमी होईना. गुणवंतनं ऑटो रस्त्यात आडवा घातला, भोंगा जीपकडे वळवला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला,

"चालू आहे! खुशे, थांब वं माय! दवाखाना चालू आहे!"