वाळूचं घमेलं

मांजर आमच्या घरी बाजाराच्या पिशवीतून आलं. पिशवीच्या दोन बंदांमधून एक काळं डोकं वर निघालेलं आणि ती पिशवी छातीशी धरून माझ्या गिऱ्हाईक शिक्षिकाबाई दारात उभ्या. त्यांची पुण्याला बदली झाली होती आणि तिथले घरमालक मांजर ठेवू देत नव्हते. त्यांच्या साड्यांना मी बरीच वर्षं फॉल-पिको करून देते. तुमच्याकडे असलं तर मला काळजी नाही, असं त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

घरात सगळ्यांना वाटलं, हिला नाही म्हणता आलं नसेल. मला कुणाला नाही म्हणता येत नाही हे खरंच आहे. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. रिक्षावाल्याने घर मागे टाकलं तरी मी पुढच्या चौकात उतरून चालत येते. पण त्या दिवशी मला नाही म्हणायचंच नव्हतं. माहेरी असताना चुलीजवळ एक मांजर येऊन बसायचं, तेव्हापासून मला मांजर हवं होतं. लग्न झालं, मुलगी झाली, तिचंही लग्न झालं, तरी ते कुणाला सांगायचं राहूनच गेलं होतं. त्यामुळे सगळ्यांचा समज मी तसाच राहू दिला.

मांजरी पूर्ण काळी. गळ्यावर शर्टाच्या बटणाएवढा पांढरा ठिपका. तिचं पहिलं नाव बाईंनी सांगितलं होतं, पण ते इंग्रजी होतं आणि मला नीट म्हणता येईना. मी नुसतं "ये गं" म्हणायची आणि ती यायची. सासूबाई तिला "काळे" म्हणायच्या, तेव्हा ती यायची नाही.

पहिले दोन दिवस ती दिवसाउजेडी कॉटखालून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती थेट माझ्या कामावर आली. साडीला फॉल लावायच्या आधी तो भिजवून वाळवावा लागतो, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतो आणि साडीला चुण्या पडतात. मी फॉल भिजवून पुढच्या खोलीत दोरीवर टाकते. एकाच वेळी दहा-बारा रंगांच्या पट्ट्या लोंबत असतात. मांजराला ते तिच्यासाठीच टांगलंय असं वाटलं. ती खुर्चीवरून उडी मारायची, एक पट्टी धरायची आणि तिच्यासकट खाली यायची. रीळ दिसलं की ढकलून कपाटाखाली. मी मशीनवर बसले की खाली दबा धरून बसायची आणि पायडल हललं की माझ्या अंगठ्यावर झडप. एकदा तिने मशीनच्या पट्ट्याला पंजा लावला, पट्टा निसटला आणि मी पिको सोडून पुढचा अर्धा तास पट्टा चढवत बसले.

माझे यजमान सातपूरच्या एका कंपनीत पाळीवर जातात. घरी आले की विचारायचे, आज तुझ्या कारागिरानं किती साड्या केल्या. मी हसायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी रोज हसत होते. एकटीने खोलीत बसून हसायची सवय मला नव्हती.

पण एका गोष्टीत हसण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी एका जुन्या घमेल्यात वाळू भरून मोरीच्या बाजूला ठेवली होती. वाळू समोरच्या बांधकामावरची, मुकादमाला विचारून यजमानांनी आणलेली. पहिले दोन दिवस मांजर रात्री कॉटखालून निघून शहाण्यासारखी तिथे जायची. नंतर तिने घमेलं सोडलं. आधी मशीनखाली मी चिंध्या साठवते त्या गाठोड्यात घाण केली. मग कपाटामागे. मग पायपुसण्यावर.

आमच्या सासूबाई स्वच्छतेच्या फार कडक. त्यांचं वय झालंय, गुडघे दुखतात, पण घराची फरशी त्या स्वतः पुसतात आणि बादलीत फिनेल ओतताना हात आखडत नाहीत. आमच्या घरात शिरणाऱ्याला आधी फिनेलचा वास येतो, मग चहाचा. मांजराने जिथे जिथे घाण केली तिथे तिथे त्यांनी दोनदा फिनेल मारलं. त्यांना मांजर आवडत नव्हतं असं नाही. रात्रीच्या भाकरीचा दुधात कुस्करलेला काला त्याच ठेवायच्या. पण घरात घाण म्हणजे त्यांना जिव्हारी लागायचं.

त्यात बुद्धपौर्णिमा जवळ आली. आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाने सगळ्यांसाठी एकसारख्या पांढऱ्या साड्या घेतल्या होत्या, निळ्या बारीक काठाच्या. बावीस साड्यांचं फॉल-पिको माझ्याकडे. पांढऱ्या साड्यांची चळत आणि काळी मांजर एका खोलीत ठेवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मी चळतीवर चादर, चादरीवर पाट ठेवायची. तरी एका दुपारी मी दळण आणायला गेले आणि परत आले तर पाट खाली पडलेला, चादर बाजूला, आणि सगळ्यात वरच्या साडीवर ओला पिवळा डाग. साडीला चिठ्ठी लावलेली होती. चिठ्ठी सासूबाईंच्या नावाची.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. साडी बादलीत टाकली आणि घोटीला फोन लावला. घोटीला त्यांच्या बहिणीचा मुलगा राहतो, त्याची भाताची गिरणी आहे. गिरणीत उंदीर फार, तेव्हा त्याला मांजर हवंच होतं. रविवारी नाशिकला माल घेऊन येणार होता, जाताना गोणीत घालून घेऊन जाईल असं ठरलं. यजमान माझ्याकडे बघून म्हणाले, गिरणीत तिचं बरं होईल, मोकळं राहील. मी मान हलवली. मग मोरीत जाऊन साडी चोळत बसले. चार वेळा साबण लावला तेव्हा डाग गेला. मान हलवल्याचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

शुक्रवारी सकाळी दूधवाल्याला दार उघडलं आणि मांजर माझ्या पायांतून बाहेर सटकली. मी चप्पल न घालता मागे. ती जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या बांधकामावरच्या वाळूच्या ढिगावर चढली. तिथे तिने एक जागा हुंगली, पंज्यांनी सुबक खड्डा केला, बसली, उठली, आणि वाळू ओढून ओढून सगळं झाकून टाकलं. परत हुंगून खात्री केली. पुन्हा दोन पंजे वाळू. सासूबाईंनी बघितलं असतं तर त्यांनीही नावं ठेवली नसती.

मी तिला उचलून घरी आणलं. जिना चढताना विचार करत होते. वाळू तर तीच. याच ढिगाची. मग घरी का नाही? मोरीजवळ जाऊन मी घमेल्यापाशी बसले आणि खाली वाकले. नाकात फिनेल एवढं गेलं की डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा सगळं लक्षात आलं. पहिले दोन दिवस सासूबाई माझ्या धाकट्या जावेकडे होत्या. आल्या आणि रोज सकाळी फरशी पुसून झाल्यावर बादलीतलं उरलेलं फिनेल घमेल्यात ओतू लागल्या. वास येऊ नये म्हणून. आणि मांजर घरभर फिनेलचा वास नसलेली जागा शोधत होती. ती जागा सापडली की आम्ही तिथेही फिनेल मारत होतो. शेवटी सगळ्या घरात खळीच्या वासाच्या नव्या साड्या तेवढ्या उरल्या होत्या.

एवढं कळलं, पण सांगायचं कसं? सासूबाईंच्या फिनेलला कुणी बोट लावलेलं नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी त्यांना एखादी गोष्ट करू नका असं कधी म्हटलेलं नाही. मी चोरून काम करायचं ठरवलं. जुनी परात काढली, ढिगावरून नवी वाळू आणली आणि गच्चीच्या दाराशी पिंपामागे लपवून ठेवली. शनिवारी सकाळी बघते तर परातीत फिनेल. सासूबाई मला म्हणाल्या, "बरं केलं दुसरी ठेवली. तू फिनेल टाकायचं विसरली व्हती, मी टाकलं." मी पुन्हा मान हलवली.

रविवारी अकरा वाजता घोटीचे भाऊजी आले. मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. गोणी खांद्यावर टाकूनच आत आले आणि म्हणाले, "वहिनी, चहा ठेवा, मग तुमची वाघीण धरू." मांजर मशीनखाली होती. गोणी बघून ती आणखी मागे सरकली. मी चहा ठेवला. चहा उकळला, वर आला, उतू गेला, तरी मी बघत उभी. मग गॅस बंद करून मी बाहेर आले. तिघेही खोलीत होते. आवाज माझाच होता, पण मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"आत्याबाई, त्यात फिनेल नका टाकू."

सासूबाईंनी मान वर केली. "कशात?"

मग मी थांबले नाही. ढीग, खड्डा, वास, पहिले दोन दिवस, सगळं सांगितलं. बोलताना पदर बोटाला गुंडाळत होते तो सुटेना इतका गुंडाळला. यजमान माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू घरात दुसरीच कुणी बाई आलीय.

भाऊजी म्हणाले, बघून तर घेऊ. तेच खाली जाऊन ताजी वाळू घेऊन आले. मी घमेलं नुसत्या पाण्याने चार वेळा धुतलं, उन्हात वाळवलं, वाळू भरली आणि जागेवर ठेवलं. मांजराला काला दिला. मग आम्ही चौघं मोठी माणसं मोरीच्या दाराशी उभे राहून तिच्याकडे बघत बसलो. ती घमेल्यापाशी आली, हुंगलं, आणि आमच्याकडे वळून बघितलं. आम्ही तिच्याकडे. ती हलेना.

सासूबाई म्हणाल्या, "समदे तोंडं फिरवा. तिला लाज वाटती."

आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. कॅलेंडर माझ्या नाकासमोर होतं. भाऊजींना हसू येत होतं आणि सासूबाई त्यांना कोपराने ढोसत होत्या. बराच वेळ काहीच नाही. मग मागून आवाज आला. खर्र, खर्र. वाळू ओढल्याचा. थांबला. पुन्हा खर्र, खर्र. मी डोळे मिटून घेतले.

सासूबाई आधी वळल्या. घमेल्यात वाकून बघितलं, वास घेतला, कंबरेवर हात ठेवले. "मंग आधी बोलायला काय झालं व्हतं तुला?" मला म्हणाल्या. "लेकराला उगा गोणीत घातलं असतं ना."

भाऊजींनी मी पुन्हा ठेवलेला चहा घेतला आणि गोणीची घडी घातली. सासूबाईंनी त्यांना सांगितलं, गिरणीला दुसरं मांजर बघ, आणि पुढच्या खेपेला याच गोणीतून इंद्रायणी तांदूळ आण.

मांजर अजूनही रीळ दिसलं की कपाटाखाली घालते, फॉल ओढते, माझ्या अंगठ्यांवर ओरखडे आहेत. पण घमेलं सोडून कुठे जात नाही. घमेल्याची वाळू सासूबाई बदलतात. ते काम त्या मला करू देत नाहीत, मला जमत नाही म्हणतात.

पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून विहाराकडे निघालो. सासूबाई पुढे, मी मागे. निघायच्या आधी त्या नेसून तयार होऊन कॉटवर बसल्या होत्या आणि मांजर त्यांना पाठीमागून चिकटून झोपली होती. आता त्यांच्या पाठीवर, पांढऱ्या पदरावर, वीतभर रुंदीचा काळ्या केसांचा ठसा होता. त्या ताठ चालत होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम घालत होत्या. मला आता त्यांना सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं.