शिट्टी वाजल्यावर

टीव्हीवर सामना चालू असला की मानेकाका शेंगा फोडत बसत. चेंडू हवेत असो, दोन्हीकडची माणसं एकमेकांवर आदळत असोत, क्रेग उभा राहून ओरडत असो, काकांची नजर ताटलीवरून हलत नसे. मग पंचाची शिट्टी वाजे. क्रेग खाली बसून बिअर उचले, मी आकडा टिपायला मान खाली घाली, आणि नेमके तेव्हा काका ताटली बाजूला सारून, चष्मा वर ढकलून टीव्हीकडे रोखून बघू लागत. पुढचा डाव सुरू झाला की पुन्हा शेंगा.

‘काका, बघायचं ते सोडून तुम्ही भलतंच बघता,’ मी एकदा म्हणालो.

‘सगळे बघतात ते बघायला तुम्ही दोघं आहात की,’ ते म्हणाले. ‘शिट्टी वाजंपर्यंत कुणीबी चांगलाच खेळतोय. वाजल्यावर काय करतोय ते बघ.’

आम्ही तिघे न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावातल्या एका आखूड रस्त्यावरचे शेजारी. क्रेग घरांची छपरं बसवतो. विशीत तो दोन वर्षं अमेरिकेतल्या एका थंड, तळ्याकाठच्या शहरात कामाला होता. तिथून येताना त्याने एक दुखरा गुडघा आणि एका हरणाऱ्या फुटबॉल संघावरचं प्रेम एवढंच आणलं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेट घालून चेंडू काखेत मारून पळायचा तो. रग्बीच्या देशात हे प्रेम वाटून घ्यायला त्याला कुणी मिळत नव्हतं. मी या घरात राहायला आलो आणि सापडलो.

मानेकाका नंतर आले. आमच्यापासून दोन घरं सोडून मृणाल राहते. ती त्यांची एकुलती एक मुलगी. मानेकाकू गेल्यावर सांगलीच्या घरात ते एकटेच उरले, म्हणून ती त्यांना इथे बोलावून घेऊ लागली. पहिल्यांदा ते माझ्या दारात उभे राहिले तेव्हा म्हणाले, ‘तुमचं गेट दिवसभर आपटतंय. बाकी नमस्कार.’

मी म्हणालो की बिजागरी आठ मिलिमीटर खाली बसली आहे, मी मोजलं आहे.

‘मोजलंय, मग दुरुस्त कोण करणार?’ असं विचारत ते आत आले. क्रेग सोफ्यावर होता, सामना चालू होता. काका बसले आणि पुढची तीन वर्षं, व्हिसाचे दिवस पुरतील तितके, ते तिथेच बसत राहिले.

या खेळात दर एप्रिलात एक निवड होते. कॉलेजात खेळून बाहेर पडणारी मुलं एका यादीत असतात आणि व्यावसायिक संघ पाळीपाळीने त्यांतला एकेक उचलतात. आदल्या वर्षी जो सगळ्यात जास्त हरला, त्याची पाळी पहिली. आमचा संघ हरण्यात सातत्य राखून असल्यामुळे आमची पाळी लवकर येई. कुणाला घ्यावं यावर आम्ही फेब्रुवारीपासून भांडत असू. आमच्या म्हणण्याला तिकडे काडीची किंमत नाही, हे क्रेग दरवर्षी एकदा तरी बोलून दाखवी.

‘लगीन दुसऱ्याच्या घरचं असलं म्हणून नवरदेव कसा आहे ते बोलायचं नाही व्हय?’ काका विचारत.

मी हे क्रेगला इंग्रजीत सांगितलं. त्याला ते इतकं पटलं, की तेव्हापासून तोही त्या मुलांना ‘नावरडेव’ म्हणू लागला. त्याच्या आवडीच्या एका नवरदेवाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. काका म्हणाले, ‘स्थळ चांगलं आहे, पण गुडघ्यात मंगळ आहे.’ हे समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. समजल्यावर क्रेगने स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं आणि बायको आपल्याला का सोडून गेली ते आज कळलं, असं म्हणाला.

मी आकड्यांवर जाणारा माणूस. जमिनीखालचे पाण्याचे जुने पाइप अजून किती वर्षं टिकतील याचे अंदाज बांधणं ही माझी नोकरी आहे. या मुलांसाठीही मी तक्ता केला होता. उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला लागलेला वेळ, किती सामने, किती दुखापती. इंच-पौंडांचे सेंटिमीटर-किलो करून, प्रत्येकाला शंभरपैकी गुण दिलेले. काका तो तक्ता मन लावून वाचत. ‘झकास केलंयस,’ म्हणत. आणि शेवटी, ‘पाइपाला चालंल हे. पाइप लाजत नसतोय, रागवत नसतोय.’

ते बोलत ते अनुभवाने. सांगलीजवळच्या एका कारखान्यात ते ट्रेनिंग शॉपचे प्रमुख होते. दरवर्षी आयटीआयची शे-दोनशे मुलं उमेदवारीसाठी येत आणि जागा असत बारा. निवड काकांकडे. ते प्रत्येकाला लोखंडाचा एक तुकडा आणि कानस देत आणि कड सरळ करायला सांगत.

‘कानस धरतो कशी ते सगळे साहेब बघायचे,’ त्यांनी आम्हाला सांगितलं. ‘मी ठेवतो कशी ते बघायचो. काम झालं, मार्क पडले, आता माझ्याकडं कोण बघत नाही असं वाटल्यावर पोरगा ती टाकतोय का ठेवतोय. कानशीवर कानस टाकली की दात जातात. दुसऱ्या दिवशी तीच कानस दुसऱ्या कुणाला तरी वापरायची असते.’

हे ऐकून क्रेग जरा चुळबुळला. त्याच्या गॅरेजमध्ये सगळ्या कानशी रंगाच्या एका रिकाम्या बादलीत उभ्या कोंबलेल्या असतात. काकांनी ती बादली पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांचा चेहरा कुणीतरी चिमटा काढल्यासारखा झाला होता.

त्यांची स्वतःचीही एक यादी होती, तिच्याबद्दल ते फारसं बोलत नसत. मृणालने त्यांच्या कायमच्या निवासासाठी नाव नोंदवलं होतं. अशा आईवडिलांची नावं एका यादीत पडून राहतात आणि ठरावीक काळाने त्यातून सोडत निघते. नाव निघालं तर पुढचा रस्ता मोकळा होतो. नाही निघालं तर पाहुण्याच्या व्हिसावर मोजून दिलेले दिवस राहायचं आणि परत जायचं. काकांचे दिवस मीच मोजत होतो. नवरदेवांच्या तक्त्याच्या मागच्या पानावर ते होते.

‘तुमची निवड व्हायला हवी काका,’ मी एकदा म्हणालो.

‘निवड न्हाई ती. सोडत,’ ते म्हणाले. ‘शब्दातच बघ की. कुणाला तरी सोडायचंच असतंय. पण एक बरं आहे. निवडीत राहून गेलं तर माणूस म्हणतो, माझ्यात काय कमी होतं? सोडतीत तसं नाही. त्यांनी मला बघितलेलंच नाही.’ मग म्हणाले, ‘बघून नाकारणं लई वाईट. मी केलंय ते तीस वर्षं.’

त्या दिवशी क्रेग नव्हता. क्रेगच्या आईच्या झाडाचे फेजोआ माझ्या टेबलावर होते. काका या फळाला ‘परदेशी शिकून आलेला पेरू’ म्हणत. एक फेजोआ चमच्याने कोरता कोरता त्यांनी मला एका मुलाची गोष्ट सांगितली. त्या मुलाची कड त्या वर्षीची सगळ्यात सरळ होती. पण काम झाल्यावर त्याने कानस धाडकन टाकली. काकांनी त्याच्या नावापुढे फुली मारली. पुढे कित्येक वर्षांनी काकांच्या विहिरीवरच्या पंपाचा एक भाग झिजला, म्हणून ते मिरज रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. मालकाने त्यांना ओळखलं. तो तोच मुलगा. निवडीच्या त्या दिवशी त्याचा अंगठा चिरलेला होता. जखम दिसली तर अनफिट म्हणतील म्हणून त्याने ती मुठीत लपवली होती. काम संपलं तेव्हा हातात कानस धरून ठेवायची ताकदच उरली नव्हती.

‘तो काय म्हणाला?’

‘काय न्हाई. चहा मागवला. माझं काम स्वतः केलं. आणि झाल्यावर खिशातनं फडकं काढून अंथरलं आणि त्यावर कानस ठेवली. हळू. माझ्याकडं बघत.’ काकांनी फेजोआची साल ताटलीत ठेवली. ‘माझी रीत बरोबर होती. माणूस चुकला. दोन्ही खरं आहे. तुझ्या तक्त्यात बसव बघू हे.’

मला ते बसवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

या गप्पांनंतर काही दिवसांनी त्यांनी क्रेगच्या बादलीतून एक कानस मागून नेली आणि माझं गेट दुरुस्त केलं. बिजागरी उचलून बसवली, कडीची जीभ घासून सारखी केली. दोन तास लागले. तेव्हापासून गेट बोटाने ढकललं तरी लागतं.

त्या वर्षी निवडीचा शुक्रवार अँझॅक डेला, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाला आला. सगळ्यांना सुट्टी होती. तिकडची गुरुवारची रात्र म्हणजे इथली शुक्रवारची दुपार, त्यामुळे बाराच्या ठोक्याला आम्ही माझ्या घरी जमलो. क्रेग पहाटेच्या मानवंदनेला जाऊन आला होता. कोटावर मानवंदनेचं लाल फूल तसंच होतं. माझ्या तक्त्यावर एक चपळ, चेंडू झेलणारा मुलगा पहिला होता. क्रेगला चेंडू फेकणारा हवा होता. त्याला दरवर्षी तोच हवा असतो. काकांचा नवरदेव पुढच्या फळीतला एक अगडबंब मुलगा होता. प्रत्येक शिट्टीनंतर तो पडलेल्यांना हात देऊन उठवी. आपल्या संघातल्यांना आधी, मग समोरच्यांना.

‘चांगुलपणावर सामने जिंकता येत नाहीत, काका,’ मी म्हणालो.

‘अरे आकडेशास्त्री, चांगुलपणा कुठं म्हणतोय मी? दुसऱ्याला उठवायला तिसऱ्या तासालाबी ताकद उरलीय त्याच्यात. हे तुझ्या घड्याळात दिसलं का?’

क्रेगला सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हाताऱ्याचं बरोबर आहे, मेट.’ मग दहा मिनिटांनी पुन्हा त्याच्या फेकणाऱ्यावर आला.

आमची पाळी येईपर्यंत काका नेहमीसारखे भांडले. टेबलावर हात आपटला, माझ्या दोन गणितांत चुका काढल्या, त्यातलं एक खरंच चुकीचं होतं. आमच्या संघाने शेवटी तिघांनाही न आवडलेला चौथाच मुलगा घेतला. क्रेगने उशी भिंतीवर फेकली. मी तक्ता मिटला.

काका मात्र टीव्हीकडे सरकले आणि पुढचे दोन तास तिथेच बसले. पडद्यावर निवडीच्या हॉलमधली टेबलं दिसत होती. एका टेबलापाशी एक मुलगा आईवडिलांबरोबर बसला होता. पहिली फेरी संपत आली तरी त्याचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचं नाव आलं तसा तो उठला, त्या मुलाला कडकडून भेटला, मग जागेवर येऊन त्याने आईच्या ग्लासात पाणी ओतलं.

‘ह्याला घ्या म्हणावं,’ काका म्हणाले. कितीतरी वेळ ते त्या मुलाकडेच बघत होते. मग टीव्ही बंद झाल्यावर शेंगांची टरफलं गोळा करता करता म्हणाले, ‘काल सोडत झाली. नाव न्हाई आलं. मंगळवारचं विमान आहे.’

विमान मला ठाऊक होतं. माझ्या मागच्या पानावर चार दिवस उरले होते. जायचं तर होतंच, पण नाव निघाल्यावर जाणं वेगळं, न निघता जाणं वेगळं. ‘काका, आल्या आल्या का नाही सांगितलंत?’ मी विचारलं.

‘खेळ चालू होता की,’ ते म्हणाले. ‘मृणालकडं मात्र जरा जात जा. ती ऑफिसात हसती आणि घरी बोलत न्हाई.’

क्रेगने काय झालं ते माझ्याकडून ऐकलं. त्याने कोटावरचं लाल फूल काढलं, पुन्हा लावलं, आणि काकांच्या हातातली टरफलांची ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेला. क्रेगने माझ्या घरी ताटली उचलल्याची ही पहिलीच वेळ.

मंगळवारी सकाळी काका निरोप घ्यायला आले. मी वाकून नमस्कार केला. ‘गेटला वर्षातनं दोनदा तेल घाल,’ एवढंच ते म्हणाले. एरवी निरोप झाला की मी लगेच आत वळतो. त्या दिवशी वळलो नाही. मृणालची गाडी इंजिन सुरू ठेवून रस्त्यावर उभी होती. काका बाहेर पडले, गेट ओढून घेतलं, कडी बसली का ते दोनदा हलवून पाहिलं. थोडं थांबून तिसऱ्यांदा. मग गाडीत बसले. इकडे बघितलं नाही.

आठवड्याभराने क्रेग एक गुंडाळी घेऊन आला. त्याच्या गॅरेजातल्या टेबलावर ती कुणीतरी ठेवून गेलं होतं. धुतलेलं, चौपदरी फडकं, आणि आत माझ्या गेटसाठी नेलेली कानस. दातांमधला सगळा कीस ब्रशने काढलेला. मुठीला नवं लाकूड बसवलेलं.

काका आता सांगलीत असतात. यादीत नाव अजून आहे. एप्रिलातल्या त्या शुक्रवारी इथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा तिकडे पहाटेचे साडेपाच असतात. ते चहा घेऊन फोनवर बसलेले असतात आणि माझ्या गणितांत चुका काढतात. त्यांच्या अगडबंब नवरदेवाचं पुढे काय झालं ते मी इथे लिहीत नाही. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, असं तेच म्हणतील.

क्रेगच्या बाकीच्या कानशी अजून रंगाच्या बादलीत आहेत. ही एक त्याने फडक्यासकट वेगळ्या फळीवर ठेवली आहे. परवा मी मागायला गेलो तर म्हणाला, ‘नेतोस ने, पण ठेवताना नीट ठेव.’